मुलींच्या वाट्याचं पान

निवृत्त बाईनं काय करावं याबद्दल न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये प्रत्येकाकडे सल्ला तयार असतो. योगाच्या क्लासला या, भजनाला या, सकाळी फिरायला चला, नातीला श्लोक शिकवा. मी सगळं करून पाहिलं. योगात माझा गुडघा धरला, भजनात माझा सूर कुणाला धरता येईना, आणि नात श्लोक म्हणता म्हणता मध्येच थांबून "आज्जी, बट व्हॉट डझ इट मीन?" असं विचारते. त्याचं उत्तर मला दर वेळी येतंच असं नाही.

मला खरं येतं ते एकच काम. साताऱ्याच्या तहसील कचेरीत मी एकतीस वर्षं काढली, त्यातली बरीचशी रेकॉर्ड रूममध्ये. सातबारे, फेरफार, वारस नोंदी, मृत्युपत्रं. मोडीसुद्धा शिकले, कारण ज्यांना ती येत होती ते निवृत्त झाले आणि साहेबांची नजर माझ्यावर पडली. मिस्टर गेल्यावर मुलगी मला इकडे घेऊन आली. ती एडिसनहून रोज रेल्वेनं न्यू यॉर्कला कामाला जाते आणि आठवड्यातून दोन दिवस घरून काम करते. या गावात सातबारा कुणाला नको असतो, त्यामुळे माझी विद्या कपाटात पडून होती.

आमच्या घराच्या भिंतीला भिंत लावून ताईंचं घर. ताई म्हणजे माझ्या नात्यातल्या कुणी नव्हेत. एकोणऐंशी वर्षांच्या आफ्रिकन अमेरिकन बाई, उंच, ताठ, सगळी नोकरी हॉस्पिटलात नर्स म्हणून झालेली. माझ्याहून वयानं मोठ्या म्हणून मी त्यांना ताई म्हणू लागले. त्यांनी अर्थ विचारला, मी सांगितला, आणि त्यांना तो इतका पटला की माझ्या नातीलाही त्या फोनवर "धिस इज ताई" असं सांगू लागल्या.

गेल्या वर्षी ऑक्टोबरच्या अखेरीस मी मागच्या लाकडी डेकवर कुंडीतली मेथी खुडत होते. पलीकडून ताईंनी विचारलं, "तुझ्या देशात तू काय काम करायचीस?" मी म्हटलं, "जुने कागद सांभाळायचे. जमिनीचे, वारसांचे. कोण मेलं आणि त्याचं कुणाला गेलं, ते शोधून द्यायचं." ताई आत गेल्या आणि बुटांचं एक खोकं घेऊन आल्या.

खोक्यात त्यांचं घराणं होतं. आई, आजी, पणजी, खापरपणजी, प्रत्येकीचा काही ना काही कागद. खापरपणजी व्हर्जिनियातल्या एका तंबाखूच्या मळ्यावर गुलाम म्हणून जन्मली आणि म्हातारपणी स्वतंत्र म्हणून वारली. तिच्या वर मात्र काही नव्हतं. तिच्या आईचं नावच घरात कुणाला ठाऊक नव्हतं, कारण खापरपणजीलाच ते ठाऊक नव्हतं. ती चार-पाच वर्षांची असताना तिच्या आईला मळ्यावरून नेलं. लहान मूल आईला आई म्हणतं, नावानं हाक मारत नाही. तिला आठवत होतं ते इतकंच, की सकाळची वेळ होती, एक गाडी होती, गाडीला पांढऱ्या फिती बांधल्या होत्या, आणि आई गाडीच्या मागच्या बाजूला बसली होती. पुढे सगळ्या पिढ्या धरून चालल्या की तिला लांब दक्षिणेत कुठंतरी विकलं.

त्यांच्या घराण्यात दोन वर्षांनी एकदा ऑगस्टमध्ये सगळे त्या मळ्याजवळच्या गावी जमतात. वयानं सगळ्यात मोठं माणूस उभं राहून पूर्वजांची नावं वरून खाली घेतं आणि प्रत्येक नावाला जमिनीवर थोडं पाणी सोडतं. यादी खापरपणजीपासून सुरू होते. ताई आता सगळ्यांत मोठ्या. त्यांना यादीत एक नाव वर घालायचं होतं. घाईचं कारण डोळे. दोन्ही डोळ्यांचा मधला भाग जात चालला होता. महिन्याला डोळ्यात इंजेक्शन घ्यायच्या, पण डॉक्टरांनी आशा दाखवली नव्हती. "मला तिचं नाव कागदावर माझ्या डोळ्यांनी वाचायचंय," त्या म्हणाल्या. "दुसऱ्यानं वाचून दाखवलेलं नको. भिंगातून अजून दिसतं मला."

मी म्हटलं, "आणा ते खोकं इकडे." इतकी खूश मी कित्येक वर्षांत झाले नव्हते, हे कबूल करते.

मुलगी मात्र वैतागली. "आई, तू त्यांना असं प्रॉमिस का केलंस? तुला इथलं लीगल काही माहीत आहे का?" मी म्हटलं, "माणसं मरतात आणि मागची भांडतात. त्यात काय माहीत असायचंय?" नातीनं मला लॅपटॉपवर जुनी पुस्तकं कशी उघडायची ते दाखवलं. त्या मळ्याच्या काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, कोर्टातली खरेदीखतांची आणि मृत्युपत्रांची पुस्तकं सुदैवानं जळाली-बुडाली नव्हती आणि त्यांचे फोटो घरबसल्या बघता येत होते. हवं ते पान मी लायब्ररीतून छापून आणायचे आणि एका कापडी पिशवीत क्रमानं लावायचे. अक्षर वेलबुट्टीचं, शाई उडालेली. पण ज्यानं मोडी वाचली त्याला इंग्रजी क्लार्क काय घाबरवणार?

घाबरवलं ते वेगळ्याच गोष्टीनं. ताईंच्या माणसांना शोधायचं तर त्यांच्या नावानं शोधता येत नाही. त्यांना माणूस म्हणून कुणी कुठं लिहिलेलंच नाही. मालक मेला की त्याच्या मिळकतीची मोजदाद होई, आणि त्या यादीत बैल, पलंग, चरखा यांच्या ओळीत माणसांची नावं येत, पुढे किंमत. म्हणजे मालकाच्या घराण्याच्या मागे मागे जायचं आणि त्याच्या सामानात आपलं माणूस हुडकायचं. किमतीचा रकाना मी तळहातानं झाकूनच वाचायचे. पहिल्याच आठवड्यात मी दोनदा लॅपटॉप मिटून बाहेर जाऊन उभी राहिले.

मालकांचं घराणं पार वसाहतीच्या काळातलं. पहिल्याला इंग्लंडच्या राजाकडून जमिनीची सनद मिळालेली, तीही स्वतःच्या खर्चानं जहाजातून जितकी माणसं आणली तितक्या डोक्यांच्या हिशेबानं. पुढे मुलगा, नातू, पणतू, सगळ्यांची नावं तीच. बारशाला नवं नाव सुचू नये इतकं काय त्या लोकांना काम होतं, देव जाणे. मी त्यांना नंबर दिले, पहिला ते पाचवा. जमिनीच्या हद्दीही गमतीच्या. "खाडीच्या मुखाशी असलेल्या पांढऱ्या ओकपासून अमक्या दिशेला तमक्या काठ्या, तिथून खूण केलेल्या हिकरीच्या झाडापर्यंत." ओक पडला की हद्द कुठली धरायची? आमच्याकडे निदान दगड रोवतात. मी आलेखाच्या कागदावर त्या हद्दी काढायला बसले तेव्हा नात म्हणाली, "आज्जी, यू आर लाइक अ डिटेक्टिव्ह." मला गुदगुल्या झाल्या.

ताईंच्या खापरपणजीचा मालक हा पाचवा. ते खोक्यातल्या कागदांवरून कळत होतं. पाचव्याला ती बापाकडून, चौथ्याकडून आली असणार, असा मी तर्क केला, आणि नोव्हेंबरच्या मध्याला चौथ्याचं मृत्युपत्र आणि मोजदादीची यादी दोन्ही मिळाली. यादीत मुलगी होती. एका ओळीत नुसतं तिचं नाव आणि "मूल". वर-खाली तिची आई म्हणून कुणी लिहिलेली नव्हती. मृत्युपत्र तीन पानी होतं. चौथ्याला तीन मुलगे. मोठ्याला, म्हणजे आमच्या पाचव्याला, मूळ मळा आणि त्याच्यावरची माणसं. बाकी दोघांना लांबच्या जमिनी.

आता मी पंचवीस-तीस वर्षं जसा विचार करत आले तसाच विचार केला. जमीन धरली की माणूस सापडतो. आई मोठ्या मुलाकडे नाही, म्हणजे ती बाकी दोघांपैकी एकाच्या जमिनीवर गेली. मी मधल्या मुलाच्या मागे लागले. त्यानं जमीन विकली आणि पश्चिमेला केंटकीत नवी घेतली. मी केंटकीत गेले, म्हणजे लॅपटॉपवरून. त्याचं मरण, त्याची मोजदाद, त्याच्या मुलांची वाटणी. जानेवारी संपला. मग धाकटा. तो दारूत बुडाला आणि त्याचं सगळं लिलावात गेलं. एकेक लिलावाचा कागद मी चाळला. फेब्रुवारी, मार्च, एप्रिल. डोळे माझेही दुखायला लागले.

रोज दुपारी मी ताईंकडे चहाला जायचे आणि आज काय सापडलं ते सांगायचे. सुरुवातीला त्या भिंग घेऊन माझे कागद स्वतः बघायच्या. डिसेंबरात त्यांनी भिंग बदललं, जास्त जाड आणलं. फेब्रुवारीत चहा कपाच्या बाहेर ओतला आणि हसल्या. एप्रिलमध्ये मी समोर कागद ठेवला तर त्या त्याच्याकडे न बघता म्हणाल्या, "तूच सांग." मी घाई करत होते हो, पण सरकारी काम आणि सहा महिने थांब, तशातली गत.

मे संपत आला तेव्हा साताऱ्याहून माझ्या भावाचा व्हॉट्सअ‍ॅपवर कागद आला. आमच्या वडिलांच्या जमिनीला वारस नोंद लावायची होती आणि माझं हक्कसोड पत्र हवं होतं. "ताई, फक्त सही करून पाठव, वकिलांनी सगळं टाइप केलंय," असा निरोप. भाऊ मला लहानपणापासून ताई म्हणतो. मी चष्मा लावून वाचायला बसले. मी असे किमान हजार कागद नोंदवले असतील. तरी या कागदातलं एक वाक्य मी आयुष्यात पहिल्यांदा नीट वाचलं, कारण ते माझ्याबद्दल होतं. "लिहून देणार यांचे लग्न झाले असून त्या आपल्या सासरी सुखाने नांदत आहेत."

मला असा राग आला! कुठलं सासर? नवरा जाऊन पाच वर्षं झाली, सासरच्या घराला कुलूप आहे, मी मुलीकडे न्यू जर्सीत राहते, आणि सुखानं नांदते की कशी ते या वकिलाला कुणी सांगितलं? मुलगी शेजारच्या खोलीत घरून काम करत होती, ती हेडफोन काढून आली. "आई, काय झालं?" मी म्हटलं, "हे वाक्य असंच ठोकून देतात. कुणी वाचत नाही म्हणून."

आणि हे बोलता बोलता माझा हात त्या कापडी पिशवीकडे गेला.

कुणी वाचत नाही म्हणजे, मी वाचत नव्हते. रेकॉर्ड रूममध्ये मृत्युपत्र हातात आलं की आधी गट नंबर बघायचा, मग मुलगे, मग कोणाला किती. मध्ये कुठंतरी "मुलींची लग्ने करून दिली असून त्यांना देणेघेणे झाले आहे" असं आलं की पान उलटायचं. तिथं जमीन नसते. तिथं कामाचं काही नसतं. डोळ्याला ती सवयच लागली होती.

मी कापडी पिशवी पलंगावर उपडी केली. चौथ्याचं मृत्युपत्र तळाशी होतं. दुसऱ्या पानाचा खालचा अर्धा भाग मुलीचा होता. चौथ्याला एक मुलगी होती हे माझ्या वहीत कुठंही लिहिलेलं नव्हतं. बापानं लिहिलं होतं की, माझी मुलगी, अमक्याची पत्नी, हिला चांदीचे चमचे, पलंग, आणि लग्नाच्या दिवसापासून तिच्याच ताब्यात असलेली ती निग्रो बाई कायमची देतो. पुढे त्या बाईचं नाव. त्याच्यापुढे, तिची लेक मात्र माझ्या मुलाकडेच राहील. आणि लेकीचं नाव, ताईंच्या खापरपणजीचं.

पांढऱ्या फितींची गाडी म्हणजे वरात होती. इतकी वर्षं त्या घराण्यानं धरून ठेवलेली खूण ताईंनी मला ऑक्टोबरात सांगितली होती आणि मी, जिनं शंभर वराती पाहिल्या, तिनं ती लेकराची कल्पना म्हणून सोडून दिली. आमच्याकडेही नव्या नवरीबरोबर पाठराखीण जाते. पण पाठराखीण चार दिवसांनी आपल्या घरी परत येते.

तिथं जमीन मुलग्यांना देत, आणि मुलींना जमिनीऐवजी माणसं. हे मला ठाऊक नव्हतं असं म्हणून मी सुटू शकले असते. पण अज्ञानाचा प्रश्नच नव्हता. ते पान माझ्या हातात होतं, स्वच्छ अक्षरात, आणि मी ते वाचलं नव्हतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा ही म्हण मी दुसऱ्यांना ऐकवत आले. केंटकीपर्यंतचा वळसा माझ्या नशिबी होता.

त्या दिवशी मी ताईंकडे चहाला गेले नाही. डोकं दुखतंय असा निरोप पाठवला. दुसऱ्या दिवशीही गेले नाही. खोटं कशाला बोलू, मला भीती वाटत होती. शिवाय अर्धवट कागद घेऊन जायचं नव्हतं. जावयाचं नाव मृत्युपत्रात होतंच, मी त्याच्या जमिनीच्या मागे लागले. मुलींच्या बाबतीत चुकले तरी जमीन शोधताना मी चुकत नाही. त्याचं खरेदीखत मिळालं, हद्दी मिळाल्या. एका बाजूला नदी, एका बाजूला चर्चची जागा. आलेखाच्या कागदावर काढून नातीला म्हटलं, आता हे आजच्या नकाशावर बसव. तिनं बसवलं. मी दोनदा तपासलं. मूळ मळा नदीच्या या तीराला, जावयाची जमीन त्या तीराला. सात-आठ मैल. आणि पुढे कित्येक वर्षांनी जावई मेला तेव्हाच्या यादीतही ती बाई होती, त्याच जमिनीवर. दक्षिणेत कुणी तिला विकलंच नव्हतं.

मुलगी म्हणाली, "आई, तू एकटी जाऊ नकोस हे सांगायला. मी मीटिंग कॅन्सल करते." मी म्हटलं, "नको. चूक मी केली, तू मीटिंग कर."

ताई स्वयंपाकघरात टेबलाशी बसल्या होत्या. मी नाव आधी सांगितलं नाही. मृत्युपत्राचं पान त्यांच्यापुढे ठेवलं आणि ओळीखाली बोट ठेवलं. त्यांनी भिंग घेतलं, मग खाली ठेवलं. मधलं दिसत नाही तेव्हा कडेनं बघायला त्या शिकल्या होत्या. तोंड फ्रिजकडे वळवून डोळ्याच्या कोपऱ्यातून ओळीकडे बघत राहिल्या.  मग म्हणाल्या, "अक्षरं आहेत एवढं कळतंय." मी मार्कर घेऊन पाठकोऱ्या कागदावर ते नाव मोठं लिहिलं. ते त्यांनी एकेक अक्षर करत वाचलं. पण ते माझं अक्षर होतं.

नाव त्यांनी तीनदा उच्चारलं. त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते बघून मला वाटलं, इथंच थांबावं. चुकीचं सांगायची गरज काय? नाव मिळालं, काम झालं. पण त्यांनी विचारलं, "हे पान कधी सापडलं?"

"नोव्हेंबरमध्ये," मी म्हटलं.

मी सगळं सांगितलं. मुलीच्या वाट्याचा भाग होता म्हणून पान उलटलं, हेही सांगितलं. ताई ऐकत होत्या. मग अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "नोव्हेंबरमध्ये मला वाचता येत होतं."

"हो."

"तू आज घरी जा," त्या म्हणाल्या.

मी घरी आले आणि न्हाणीघरात नळ सोडून रडले. या वयात शरमेनं रडायची वेळ येईल असं वाटलं नव्हतं. भावाचा कागद तसाच पडला होता. त्याला मी फोन करून सांगितलं की ते वाक्य काढून दुसरा कागद पाठव, मग बघू. तो म्हणाला, "अगं ताई, वाक्यानं काय होतंय?" त्याला मी जे बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. बिचाऱ्याचा दोष अर्धाच होता.

तीन आठवडे ताई डेकवर आल्या नाहीत. मेथी जून होऊन फुलावर आली, मी खुडली नाही. मग एका सकाळी बेल वाजली. दारात ताई, हातात पांढरी काठी, जी मी त्यांच्याकडे पहिल्यांदाच पाहिली. त्यांनी नमस्कार-चमत्कार काही केला नाही. "नदीच्या पलीकडे म्हणालीस. किती लांब?" मी म्हटलं, "सात-आठ मैल." त्या दाराच्या चौकटीला धरून उभ्या राहिल्या. "आम्ही तिला लांब दक्षिणेत शोधत होतो," त्या म्हणाल्या. "माझी आई मरेपर्यंत म्हणत होती, दूर गेली बिचारी." मग म्हणाल्या, "ऑगस्टमध्ये तुम्ही दोघी चला माझ्याबरोबर. गाडी तुझी मुलगी चालवेल." माफ केलं असं त्या म्हणाल्या नाहीत. मीही विचारलं नाही.

ऑगस्टच्या त्या शनिवारी पार्कमध्ये शंभरेक माणसं जमली होती, सगळ्यांचे एकाच रंगाचे टी-शर्ट. मलाही एक दिला, तो मी पंजाबी ड्रेसवरून चढवला. नातवंडा-पतवंडांच्या मध्ये ताई काठी न घेता उभ्या राहिल्या, पाण्याचं भांडं हातात घेतलं आणि पहिलं नाव घेतलं. त्यांना ते वाचायची गरज नव्हती. ते नाव मी इथं लिहीत नाही. ते मी सहा महिने न वाचता पिशवीत घेऊन हिंडले, त्यावरचा माझा हक्क तेवढ्यातच संपला. मग त्यांनी दुसरं नाव घेतलं, खापरपणजीचं, आणि त्याच्यापुढे पहिल्यांदाच "हिची लेक" असं जोडलं. मागं उभी असलेली एक म्हातारी मोठ्यानं रडायला लागली. माझ्या मुलीनं माझा हात धरला होता तो सोडला नाही.

रविवारी सकाळी परत निघताना ताई पुढच्या सीटवर बसल्या आणि म्हणाल्या, "आधी तिथं ने." मी मागं बसून नकाशा बघत होते. मूळ मळ्याच्या जागी आता सोयाबीनचं शेत आहे आणि कडेला एक पेट्रोल पंप. घर वगैरे काही उरलेलं नाही. ताईंनी काच खाली केली. दिसत काही नव्हतं, पण त्या शेताकडे तोंड करून बसल्या. मग म्हणाल्या, "चल आता. ती गाडी गेली त्या रस्त्यानं."

तो रस्ता आता डांबरी आहे. दोन्ही बाजूंना झाडी, मध्येच चार घरं, मग पूल. नदी रुंद आहे आणि संथ. पुलावर ताईंनी विचारलं, "आलो का नदीवर?" मुलगी म्हणाली, "हो ताई, पाण्यावर आहोत." पलीकडे थोडं पुढे चर्च लागलं, हद्दीतलं तेच चर्च, इमारत अर्थातच नवी. मी म्हटलं, "इथून त्यांची जमीन सुरू." मुलीनं चर्चच्या आवारात गाडी उभी केली.

"किती वेळ लागला?" ताईंनी विचारलं.

मुलीनं घड्याळ बघितलं. "अकरा मिनिटं."

"आणि चालत?"

मी हिशेब केला. "तीन तास. नदीला होडी मिळाली तर."

  चर्च सुटायची वेळ झाली असावी, माणसं बाहेर येऊन आमच्या गाडीकडे बघत होती. ताईंनी दोन्ही हात मांडीवर ठेवले होते आणि ओठ हलत होते, बहुतेक नाव घेत होत्या. मग त्यांनी सीटबेल्ट नीट केला आणि माझ्या मुलीकडे वळल्या.

"आता उलटी चालव," त्या म्हणाल्या. "तिला तिच्या लेकीकडे नेऊन सोडू."

मुलीनं गाडी वळवली आणि आम्ही पुलाकडे निघालो.